तिन्ही चेहरे सारखेच

दोन वाजून दहा मिनिटांनी आत्या आली आणि चप्पल काढता काढताच तिने विचारलं, “दादाने सही केली?”

“अजून नाही,” वहिनी म्हणाली. “सकाळपासून पेन शोधतायत.”

“खिशाला लावलेलं असतं ते?”

“ते नीट चालत नाही म्हणे.”

आत्या कोर्टात टायपिस्ट होती. एकवीस वर्षं लोकांच्या जबान्या टाइप केल्यामुळे पेन न सापडणारा माणूस तिला लांबूनच ओळखू येई, आणि हा तर सख्खा भाऊ. ती जेवणाच्या टेबलापाशी गेली. साखरेच्या डब्याखाली कागद ठेवला होता. पंख्याने उडू नये म्हणून असेल, किंवा कुणी वाचू नये म्हणून.

कागद भिक्षुणी विहाराचा होता. नव्या नियमाप्रमाणे अठराच्या आतल्या प्रत्येक श्रामणेरीसाठी, म्हणजे शिकाऊ भिक्षुणीसाठी, आईवडिलांची संमती दर दोन वर्षांनी नव्याने घ्यायची होती, आणि शेवटी एक रकाना वाढला होता: मुलीचे स्वतःचे म्हणणे. वहिनीच्या दहा वर्षांच्या ठिपकीला विहारात जाऊन परवाच दोन वर्षं झाली. ताप आला म्हणून आठ दिवसांसाठी तिला घरी पाठवलं होतं. ताप उतरला, आठ दिवस संपले, आणि आज तीन वाजता विहारातल्या थोरल्या आर्याजी तिला न्यायला यायच्या होत्या. त्यांच्याबरोबर रकाना भरायला बालकल्याण कार्यालयातल्या बाई.

कागदाला प्रगतीचा अहवाल टाचलेला होता. आत्याने तो कोर्टातल्या आवाजात, म्हणजे कुठल्याच शब्दावर जोर न देता, वाचला.

“‘पाठांतर उत्तम. मात्र फळ्यावरचा नवा पाठ वाचताना पहिल्या महिन्यापासून मुद्दाम चुका करते. वडीलधाऱ्या समोरून आल्या तरी लक्ष नसल्यासारखे वागते. उपाय: सात दिवस मौन, तीन वेळा. भिंतीकडे तोंड करून उभे राहणे, आवश्यकतेनुसार.’” ती थांबली. “आवश्यकतेनुसार म्हणजे किती, वहिनी?”

“मी विचारलं नाही.”

“आणि ठिपकीला?”

“ती म्हणते, ठीक आहे. काहीही विचारलं तरी ठीक आहे. काल पाणी प्यायच्या आधी माझी परवानगी मागितली तिने. आपल्याच घरात, आपल्याच माठातलं पाणी.” वहिनीने टेबल पुसलं. ते दोनदा पुसून झालं होतं. “मला वाटलं होतं रडेल, बिलगेल, हट्ट करेल. पाहुण्यासारखी राहिली आठ दिवस. इतका चांगला पाहुणा या घरात आजवर आला नाही.”

“मग नाही म्हण. एक शब्द आहे, लिहायलाही सोपा.”

“तुला सोपा गेला,” वहिनी म्हणाली.

हा विषय निघणार हे दोघींनाही ठाऊक होतं. फक्त इतक्या लवकर निघेल असं वाटलं नव्हतं. या घराण्यात दर पिढीला एक मुलगी विहारात जाई. मालकांची, म्हणजे आत्याच्या वडिलांची, थोरली बहीण गेली. त्यानंतर पाळी आत्याची होती, आणि आत्या सोळाव्या वर्षी एक पत्र्याची पेटी घेऊन कॉलेजच्या वसतिगृहात जाऊन बसली. मालकांच्या हिशेबी ती जागा अठ्ठावीस वर्षं रिकामी राहिली. मग ठिपकी आठ वर्षांची झाली.

“तू नाही म्हणालीस आणि सुटलीस,” वहिनी म्हणाली. “मी तुला दोष देत नाही. पण ती जागा काही तुझ्याबरोबर वसतिगृहात गेली नाही.”

“तू हो म्हणाली होतीस.”

“मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी हो म्हणाले.”

न विचारता दिलेला होकार या घरात फार जपून ठेवला जात असे. आत्याने अहवाल परत साखरेच्या डब्याखाली सरकवला, आणि दोघी ठिपकी बसली होती त्या खोलीकडे बघू लागल्या. आतून अजिबात आवाज येत नव्हता. दहा वर्षांचं मूल असलेली खोली इतकी शांत नसते.

बरोबर तीन वाजता जिन्यावर पावलं वाजली. खाली चष्म्यांचं दुकान आणि वर घर, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी काउंटरवरून जाई आणि मालकांच्या नजरेखालून वर येई. मालकांना सगळेच मालक म्हणत. गिऱ्हाईकं, सून, पोटची दोन्ही मुलंसुद्धा. आर्याजींना पुढे घालून ते स्वतः वर आले. मागून कार्यालयातल्या बाई एक फुगलेली पिशवी घेऊन, आणि सर्वांत शेवटी दादा, दुकानाचा पांढरा कोट न काढता. कोट अंगात असला की आपण घरी नाही, कामावर आहोत, असं त्याला वाटे. आज त्याला तसं वाटणं गरजेचं होतं.

आर्याजी साठीच्या होत्या. त्यांनी पाणी घेतलं, वहिनीला बसायला लावलं, ठिपकीच्या तापाची चौकशी केली, आणि ती खरी होती. त्यामुळे वहिनीला त्यांचा राग धरणं आणखी अवघड होऊन बसलं.

“यात विचारायचं काय आहे मला कळत नाही,” मालक बाईंना म्हणाले. “शास्त्रात आहे, कावळे हाकलता येतील एवढं पोर झालं की पुरे. तिथे रकाने नाहीत.”

“मग आधी गच्चीवर नेऊन परीक्षा घेऊ तिची,” आत्या म्हणाली.

“तू बोलूच नकोस.”

“आईवडिलांची परवानगीही शास्त्रात आहे,” आर्याजी शांतपणे म्हणाल्या. “ती नसेल तर मी नेणार नाही. आजवर नेलेली नाही.”

मालकांनी दादाकडे पाहिलं. दादाने खिडकीकडे पाहिलं.

“कावळ्यांचा रकाना यात नाही,” बाई फॉर्म चाळून म्हणाल्या. त्या विनोद करत नव्हत्या. “मुलीला बोलवा. आधी सर्वांसमोर एक साधा प्रश्न, मग एकटीशी बोलेन.”

ठिपकी आली आणि दारापाशीच हात जोडून उभी राहिली. मोठ्यांच्या टेबलाजवळ जायचं नाही हे तिला शिकवलेलं होतं. डोकं भादरलेलं, अंगावरचं चीवर नीट चापून बसवलेलं, कान मोठे दिसत होते. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून ठिपकी. अजूनही नाव बदलावं अशी काही प्रगती नव्हती.

बाईंनी पिशवीतून तीन पुठ्ठे काढून टेबलाच्या टोकाला उभे केले. प्रत्येकावर बारीक रेषेत काढलेला गोल चेहरा. एक हसरा, एक रडका, एक दोन्ही नाही असा.

“विहारात असतेस तेव्हा बहुतेक दिवस कसं वाटतं तुला? यातला एक चेहरा निवड. चूक-बरोबर काही नाही.”

ठिपकीने पाहिलं. तिचे डोळे किंचित बारीक झाले आणि लगेच, कुणी हटकल्यासारखे, पुन्हा मोठे झाले. तिने दुसऱ्यांदा पाहिलं. चूक-बरोबर काही नाही असं सांगणारी माणसं तिला बहुधा आधीही भेटली होती.

“तिन्ही सारखेच आहेत,” ती म्हणाली.

“ऐकलंत?” मालक म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता. “समचित्त. सुख, दुःख, मधलं, तिन्ही सारखं. दहा वर्षांचं पोर आहे हे.”

“मोठ्यांनाही वीस-वीस वर्षं लागतात इथवर यायला,” आर्याजी हळूच म्हणाल्या. त्यांना आपल्या अहवालाची थोडी लाज वाटली असावी.

बाईंनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. वहिनीलाही अभिमान वाटला, अगदी अर्धा क्षण, आणि त्याबद्दल तिने पुढे स्वतःला बरेच दिवस माफ केलं नाही. आत्या तेवढी कपाळाला आठ्या घालून बसली होती, पण तिला तत्त्वज्ञानाचा राग आला होता, इतकंच.

दादाने तत्त्वज्ञान ऐकलंच नाही. त्याने डोळे बारीक होताना पाहिले होते. महिन्याला दोनेकशे माणसं त्याच्या काउंटरसमोर येऊन तसेच डोळे बारीक करत आणि म्हणत, मला तसं सगळं दिसतं.

ठिपकीला विहारात घालताना आरोग्याचं प्रमाणपत्र लागलं होतं. कान-नाक-छाती डॉक्टरांनी तपासली. डोळ्यांची ओळ दुकानाच्या शिक्क्यावर निभावली. संध्याकाळची गर्दी होती. ठिपकीला त्याने स्टुलावर बसवलं आणि एका बाईंच्या फ्रेमचा स्क्रू पिळता पिळता म्हणाला, समोरचा तक्ता वाच. तिने वरून खालपर्यंत धडाधड वाचलं. दृष्टी उत्तम, त्याने लिहिलं, खाली सही.

तो तक्ता काउंटरसमोरच्या भिंतीवर दुकान उघडल्यापासून होता. या घरातली पोरं अक्षरं त्याच्यावरच शिकत. आत्या शिकली, तो स्वतः शिकला. ठिपकीला चौथ्या वर्षी तो शेवटच्या ओळीपर्यंत तोंडपाठ होता, आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणून दाखवल्याबद्दल गोळी मिळे.

“एक मिनिट,” दादा म्हणाला. “खालून काहीतरी आणतो.”

जिन्याच्या वळणावर मालकांनी त्याला गाठलं. गुडघे दुखतात म्हणून ते हा जिना दिवसातून दोनदाच चढत-उतरत. आता ते मुलाच्या मागोमाग सरसर उतरले होते.

“मीही पाहिलं,” ते म्हणाले.

दादा थांबला. “मग वर समचित्त कशाला म्हणालात?”

“आधी म्हणालो, मग लक्षात आलं. होतं असं.” मालक कठड्याला धरून उभे राहिले. पंचेचाळीस वर्षं नंबर काढलेला माणूस. त्यांच्या चेहऱ्यावर आत्ता जे होतं ते दादाला ओळखू आलं नाही, कारण तिथे त्याने ते पूर्वी पाहिलं नव्हतं. “ऐक. उद्या तपासू. परवा चष्मा करून विहारात पाठवू. हलकी फ्रेम, चांगल्यातली काच. पोरीला दिसायला लागेल, चुका थांबतील, शिक्षा थांबतील. सगळं जागच्या जागी.”

“आणि प्रमाणपत्र?”

“त्याचं कुणी विचारलंय?”

“त्या बाई विचारतील.”

“विचारलं तर सांग, मुलांची नजर दोन वर्षांत बदलते. बदलतेच. खोटं नाही ते.”

ते खोटं नव्हतं, आणि दादाला ते फार आवडलं. त्यात सगळ्यांची सोय होती. तो आणखी दोन पायऱ्या उतरला.

“मालक, अहवालात पहिल्या महिन्यापासून लिहिलंय. मुद्दाम चुका.”

“सरकारी बाईसमोर तू म्हणालास की या दुकानाने न तपासता शिक्का मारला, तर परवाना जाईल. तुझा एकट्याचा नाही. माझ्या नावाचा आहे तो.” मालकांचा आवाज खाली आला. “मी तुला खोटं बोल म्हणत नाही. बोलूच नकोस म्हणतो. तुला जमतं ते.”

हे शेवटचं त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना खरोखरच तो मुलाचा गुण वाटत असे.

दादा परत वर आला तेव्हा त्याच्या हातात एक गुंडाळी होती. कंपनीने गेल्या वर्षी पाठवलेला नवा तक्ता, अजून रबर बँडमध्येच. त्याने तो घरातल्या बोळाच्या टोकाला दारावर चिकटपट्टीने लावला, दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजली आणि म्हणाला, “ठिपके, इथे उभी राहा. वाच.”

“बाबा, मोठ्याने?”

“मोठ्याने.”

तिने तक्त्याच्या दिशेने तोंड केलं. तिथे एक पांढरा चौकोन आहे एवढं तिला कळत असावं. आणि पांढरा चौकोन म्हटल्यावर काय म्हणायचं ते तिला येत होतं.

“ट,” ती म्हणाली. “ग, म. र, प, स. न, ह, ल, ख...”

ती न अडखळता म्हणत गेली, शेवटच्या ओळीपर्यंत, त्याच चालीत, ज्या चालीवर कधीकाळी गोळी मिळत असे. बाई उठून तक्त्यापाशी गेल्या होत्या. त्यांनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. ते पंजाएवढं होतं आणि ते ‘ल’ होतं. त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, तिसऱ्या. मग त्यांनी बोट काढून घेतलं.

“बरोबर ना?” ठिपकीने विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा तिचे हात आपोआप जोडले गेले आणि ती वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

आर्याजी चटकन उठल्या. बोळात पोचल्यावर मात्र त्यांना काय करावं ते कळेना. आत्या पुढे गेली, तिने ठिपकीला खांद्याला धरून वळवलं आणि तशीच धरून ठेवली.

“तुझं काही चुकलेलं नाही,” दादा म्हणाला. “माझं चुकलंय.” मग तो बाईंकडे वळला. मालक जिन्याच्या दारात पोचले होते. त्यांना तो दिसत होता, आणि त्यांना दिसतोय हे त्यालाही दिसत होतं. “दोन वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र मी दिलं. तपासलं नव्हतं. तिला आमचा तक्ता पाठ आहे, तो तिने म्हटला, मी सही केली. हे लिहा.”

“लिहिलं तर पुढे चौकशी होते,” बाई म्हणाल्या.

“लिहा.”

“पंचेचाळीस वर्षं,” मालक म्हणाले, “या दुकानाने कुणाला चुकीचा नंबर दिला नाही.”

“हिला दिलाच नाही, मालक,” आत्या म्हणाली. “तीच अडचण आहे.”

बाई ठिपकीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर पाच मोठी माणसं बंद दारासमोर बसली. या घरात आजवर दारं मोठ्यांनी लावली होती, मुलं बाहेर बसली होती. त्यामुळे कसं बसावं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मालकांनी खुर्ची घेतली, सोडली, पुन्हा घेतली.

“किती लांबचं दिसत असेल तिला?” आर्याजींनी विचारलं.

“नीट तपासल्यावर सांगता येईल,” दादा म्हणाला. “अंदाजे एक वीत. त्यापुढे सगळं पुसट.”

आर्याजींनी आपला हात गुडघ्यावर पसरून अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर पाहिलं.

“चुका करणाऱ्या मुलींना आम्ही मागच्या ओळीत बसवतो,” त्या म्हणाल्या. “पुढच्यांचं लक्ष उडू नये म्हणून.” मग त्या दादाकडे वळल्या. “तुमचं प्रमाणपत्र माझ्या कपाटात होतं. तिच्याबद्दल शंका आली की मी ते काढून बघायची. तिच्याकडे बघायला हवं होतं.”

वहिनीने याच वाक्याची दोन वर्षं वाट पाहिली होती. आता ते आलं, आणि तिला त्याचं काही करता येईना. “मी आई आहे,” ती म्हणाली. “मीही नाही बघितलं.”

“वहिनी, रांगेत उभी राहा,” आत्या म्हणाली. “त्या जागेवर मी तीस वर्षं उभी आहे.” पण तिने वहिनीचा हात धरला होता, आणि दुपारपासून पहिल्यांदाच दोघी एका बाजूला बसल्या होत्या.

पंचवीस मिनिटांनी दार उघडलं. बाईंनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि रकान्यातला मजकूर वाचला.

“‘मला घरी राहायचं आहे. पाठ म्हणायला मला आवडतं, तो मी घरी म्हणेन. मागच्या ओळीत आणखी तिघी आहेत. त्यांना उभं करायच्या आधी दिसतं का ते विचारा.’”

“कोण तिघी?” आर्याजींनी विचारलं.

“नावं सांगितली तिने. पण मला. तुम्हाला सांगणार नाही या अटीवर.”

आर्याजींनी मान खाली घातली. “रास्त आहे,” त्या म्हणाल्या. “मग सगळ्यांचेच तपासा. शेहेचाळीस मुली आहेत.”

“उद्या सकाळी येतो,” दादा म्हणाला.

“उद्या दुकान आहे,” मालक म्हणाले. “आणि यावर सही केलीस तर परवाही यायचं कारण नाही.”

दादाने फॉर्म ओढून घेतला. संमती नाही, या ओळीपुढे सही केली आणि कागद वहिनीकडे सरकवला. “बरं,” तो वडिलांना म्हणाला, इतक्या साधेपणाने की मालकांना ते बंड आहे हे समजायला वेळ लागला. वहिनीने सही केली. तिची सही नेहमी लांबलचक असे. आज दोन अक्षरांतच झाली.

आर्याजी चीवराची घडी घेऊन निघाल्या. दारात त्यांनी ठिपकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ठिपकीने तो ठेवू दिला. बाई त्यांच्यामागून गेल्या. घरात ठिपकीच्या मापाचं काहीच उरलं नव्हतं, दोन वर्षांपूर्वीच सगळं वाटून टाकलेलं. म्हणून आत्याची ओढणी दोनदा गुंडाळून आणि वहिनीचा कुडता कोपरापर्यंत दुमडून ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. या वेळी खुर्चीला लागून.

“आई, मी आता श्रामणेरी नाही ना?”

“नाही.”

“म्हणजे दुपारनंतर जेवलं तर चालतं?”

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. आठ दिवस संध्याकाळी ताट समोर आलं की ही मान हलवत होती, नियम आहे म्हणत होती, आणि मालक गिऱ्हाइकांना ते कौतुकाने सांगत होते.

“रोज भूक लागायची?”

“रोज,” ठिपकी म्हणाली. तक्रार नव्हती, किती वाजले ते सांगावं तसं. “तिथेही.”

मालक खुर्चीतून उठले. सगळ्यांना वाटलं आता ते बोलतील. ते स्वयंपाकघरात गेले, ज्या खोलीत त्यांना कुठे काय आहे हे ठाऊक नव्हतं, आणि एकामागून एक डबे उघडल्याचा आवाज येऊ लागला. कुणी त्यांना थांबवलं नाही आणि कुणी मदतही केली नाही.

“काय करू तुला?” वहिनीने विचारलं.

“काहीही चालेल,” ठिपकी सवयीने म्हणाली. मग तिने टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. “नाही. थांब जरा. विचार करून सांगते.”

आतले डबे वाजायचे थांबले. दादा थांबला, आत्या थांबली, वहिनी थांबली. ठिपकीने विचार करायला पुष्कळ वेळ घेतला.